सराव पाठांनी तुमच्यात काय बदललं?

शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेताना आपण टाचण, म्हणजे पाठाचा आराखडा, आधी लिहून शाळेत सराव पाठ घेतो. प्रत्येक पाठानंतर तो कसा झाला याची चिंतन नोंद लिहायची असते आणि आपण सगळे जवळपास एकच नोंद लिहितो. 'पाठ टाचणानुसार पूर्ण झाला. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम होता. फलक लेखनात सुधारणेस वाव आहे.' फलक लेखनाला बिचाऱ्याला कायमच वाव असतो! आंतरवासिता, म्हणजे शाळेत शिकवण्याचा प्रशिक्षणकाळ, संपत आल्यावर मी जुन्या नोंदी चाळल्या. तारखा झाकल्या तर पहिली कुठली नि शेवटची कुठली, मलाच सांगता आलं नसतं. वर्गातली मी मात्र बदलले होते. ते कुठे लिहिलंच गेलं नाही, म्हणून इथे लिहूया. फार मोठं काही नको. एखादी सवय सुटली, एखादा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारता यायला लागला, काहीही चालेल. सुरुवात मी करते.

माझा विषय गणित. फळ्यावर ८ + ४ = □ + ५ असं लिहून चौकटीत काय येईल विचारलं, तर बरीच मुलं १२ म्हणतात. काही १७ म्हणतात. उत्तर आहे ७. मला वाटायचं, मुलं घाई करतात, पुढचं '+ ५' बघतच नाहीत. एका मुलीला सहज विचारलं, 'कसं काढलंस?' ती म्हणाली, 'बरोबरच्या चिन्हानंतर उत्तर लिहायचं असतं ना.' घाईबिई काही नव्हती, तिचा नियम पक्का होता. आणि तो तिला मिळाला कुठून? आजवर सोडवलेल्या बहुतेक गणितांत डावीकडे बेरीज नि उजवीकडे उत्तर, असंच तर तिने पाहिलं होतं. १७ म्हणणारे दिसतील ते सगळे आकडे मिळवून मोकळे होतात. उत्तरं दोन्ही चूक, पण कारणं निराळी. एका 'नीट वाच रे'ने ती दोन्ही कशी सुटणार? मग मी ७ = ३ + ४, ५ + २ = ४ + ३, ६ = ६ अशी विधानं देऊन 'खरं की खोटं?' विचारायला लागले. ६ = ६ वर जो वाद रंगतो, तो ऐकण्यासारखा असतो. ('पण बाई, यात गणितच कुठे आहे?')

टाचणात 'अपेक्षित उत्तर' असा रकाना असतो. त्याच्या शेजारी मी पेन्सिलीने 'अपेक्षित चुकीचं उत्तर' असा आणखी एक आखते. माझी खरी तयारी हल्ली त्या रकान्यात होते.

भाषा विषयाचा छात्राध्यापक

माझ्या एका पाठाला मार्गदर्शक बाईंनी शेरे लिहिलेच नाहीत. त्यांनी बाकांचा नकाशा काढला आणि जो उत्तर देईल त्याच्या जागी खूण करत गेल्या. पाठ संपल्यावर कागद हातात दिला. सगळ्या खुणा पुढच्या दोन रांगांत, आणि थोड्या खिडकीजवळच्या एका मुलापाशी. 'प्रतिसाद उत्तम' म्हणतात तो हाच!

मग बाईंनी मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेच्या कामाबद्दल सांगितलं. १९७४ च्या सुमारास त्यांनी विज्ञानाच्या वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात. तेच ३ सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. ऐकायला सोपं वाटतं. वर्गात उभं राहून ३ सेकंद गप्प बसून पाहा. घसा कोरडा पडतो, आपण काहीतरी विसरलो असं वाटतं आणि उत्तर आपल्याच तोंडून निसटतं.

मी मनात आकडे मोजत थांबायला शिकलो. शिवाय मुलाचं उत्तर आल्यावरही थांबतो, लगेच 'छान' म्हणत नाही. 'छान' म्हटलं की बाकीच्यांचा विचार तिथेच बंद पडतो. आणि नाव घ्यायचं ते प्रश्नानंतर. नाव आधी घेतलं की बाकी वर्ग सुटीवर.

इतिहास शिकवणारा

एक शंका, राग मानू नका. हे सगळं थांबणं, विचारणं, वाद घालू देणं ठीक आहे, पण घटक संपवायचा कधी? तास तेवढाच असतो, नि परीक्षेची तारीख कोणी आपल्याला विचारून ठरवत नाही. माझ्यातला बदल तुमच्या उलटा आहे. मी कमी विचारायला शिकलो. तासभर प्रश्नांची फैर झाडायचो, त्यातले बरेचसे 'कोण', 'कधी', 'कुठे'. आता पाठाला दोनच मोठे प्रश्न ठरवतो आणि बाकीचं सरळ सांगतो. गोष्ट नीट सांगता येणं हेही अध्यापनच आहे. त्याला हल्ली उगाच कमी लेखतात.

धागा काढणारी

दादा, राग कसला? दोन प्रश्न आणि त्यांना भरपूर वेळ, हे वरच्या अनुभवाशी जुळतंच की. 'सरळ सांगण्या'बद्दल तर पूर्ण सहमत.

विज्ञानाची छात्राध्यापिका

माझ्यासाठी वळण होतं ते स्वतःच्या पाठाचं चित्रीकरण बघणं. सूक्ष्म अध्यापनाची कल्पना १९६३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पुढे आली: पाच-दहा मिनिटांचा छोटा पाठ, मोजकेच विद्यार्थी, एका वेळी एकच कौशल्य, मग प्रत्याभरण (पाहणाऱ्यांचा अभिप्राय) आणि पुन्हा तोच पाठ. आम्ही ते एक सोपस्कार म्हणून उरकायचो. पण खऱ्या वर्गातलं स्वतःचं चित्रीकरण बघितलं तेव्हा कानावर पडलं ते माझं 'समजलं का?' आणि वर्गाचं लांबलचक 'होऽऽऽ'. पुन्हा थोड्या वेळाने 'समजलं का?', पुन्हा 'होऽऽऽ'. आरतीसारखं चाललं होतं.

आता तास संपण्याआधी चिठ्ठी घेते. प्रश्न एकच. ऋतूंच्या पाठानंतर विचारलं, 'उन्हाळा का येतो?' अक्षाचा कल तासभर शिकवून झाला होता. तरी निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत 'पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून'. दुसऱ्या दिवशी मी स्पष्टीकरण दिलं नाही, फक्त दोन गोष्टी सांगितल्या. पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला. आणि उत्तर गोलार्धात हिवाळा असतो तेव्हा दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो. म्हटलं, आता तुमचं उत्तर यात बसवून दाखवा. बसेना, तेव्हा कल त्यांना हवासा वाटला. नुसत्या 'होऽऽऽ'वर विसंबले असते तर घटकचाचणीत सगळ्यांनी 'अक्षाचा कल' लिहून गुण मिळवले असते, आणि डोक्यात जवळ-लांबच राहिलं असतं.

आवाज गेलेली

माझं छोटंसं. गोंगाटावर ओरडून बोलायचं नाही, गोंगाट थांबेपर्यंत थांबायचं. आणि साहित्य वाटायच्या आधी सूचना द्यायच्या. वाटल्यावर कोणी ऐकत नाही, देव आला तरी. आता आवाज शाबूत आहे.

बरीच वर्षं छात्राध्यापकांचे पाठ पाहणारी

तुम्हा सगळ्यांचं वाचलं. शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक फ्रान्सेस फुलर यांनी नवशिक्या शिक्षकांच्या काळज्यांचा क्रम मांडला होता. आधी स्वतःची काळजी: मी कशी दिसते, वर्ग ऐकेल ना. मग कामाची: टाचण, साहित्य, वेळ. आणि मग कधीतरी मुलांच्या शिकण्याची. क्रम इतका सरळ नसतो, हे मी जोडेन. पहिल्याच आठवड्यात एखाद्या मुलाच्या काळजीने रडवेले झालेले छात्राध्यापक मी पाहिलेत. आणि मुरलेली माणसंसुद्धा नव्या इयत्तेवर गेली की पुन्हा 'वर्ग ऐकेल ना'वर येतात. त्यात कमीपणा नाही.

वर्गनियंत्रणावर एकच सांगते, कारण त्याचा धसका सगळ्यांना असतो. वर्गनियंत्रणाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जेकब कुनिन यांनी १९७० च्या पुस्तकात मांडलेला निष्कर्ष असा, की गडबड झाल्यावर शिक्षक कसा रागावतो याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आधीच्या गोष्टींनी: सगळीकडे लक्ष आहे हे मुलांना जाणवणं, एका गटाशी बोलताना दुसरीकडे नजर असणं, एका कामातून दुसऱ्याकडे जाताना खंड न पडणं. म्हणून मी फळ्याशी तिरपं उभं राहून लिहायला लावते. पाठ पूर्ण फिरली की वर्ग तुमचा राहत नाही.

पुढच्या आठवड्यात पाठ असलेला

मला अजून सांगण्यासारखं फार नाही, पण हे वाचून एक ठरवलं. निरीक्षणाला मित्र बसणार आहे. 'कसा झाला पाठ?' विचारलं तर तो 'मस्त' म्हणणार, आमचं तसं ठरलेलंच असतं. या वेळी त्याला सांगितलंय, माझ्याकडे बघूच नकोस. शेवटच्या बाकावरच्या दोघांशेजारी बस आणि ते दर पाच मिनिटांनी काय करत होते तेवढं लिही. तो म्हणाला, 'आणि ते झोपले तर?' म्हटलं, किती वाजता झोपले ते लिही.