फॅटी लिव्हर आणि झिजलेला गुडघा: टेकडीला पर्याय आहे की नाही?

सदाशिवपेठी: सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड 2, म्हणजे लिव्हरमध्ये मध्यम चरबी, निघालं. दारूचा थेंब नाही, तरीही! डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास भरभर चाला. आता उजव्या गुडघ्याची गादी झिजलीय. पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या 103 पायऱ्या चढतो कसाबसा, पण उतरताना खेकड्यासारखा आडवा उतरतो. म्हणून घरीच सुरू केलंय: हात न टेकता खुर्चीतून उठ-बस, भिंतीवर जोर, रबरी पट्टा ओढणं. माझ्या मते टेकडी न चढताही लिव्हरची चरबी उतरते. पटतंय का?

तळजाईकर: अजिबात नाही. खुर्चीपाशी कधी घाम आलाय का? आठवड्याला किमान 150 मिनिटं दम लागेल असं चालायलाच हवं. मी तीन वर्षं तळजाई टेकडीवर जातोय, ग्रेड 1 चं नॉर्मल झालं. बाकी सगळे लाड.

सदाशिवपेठी: 150 मिनिटं मान्य, पण ती पायी चालूनच भरायची असं कुठंय? पोहणं आहे, जागेवरची सायकल आहे. आणि स्नायू राबले की रक्तातली साखर ओढतात, शरीर इन्सुलिनला नीट दाद देतं, मग लिव्हरकडे चरबी करायला माल कमी जातो. वजनकाटा फारसा हलला नाही तरी हे होतं. शिवाय दहाव्या उठ-बशीला मांड्या थरथरतात, करून बघा.

कोथरूडची सून: तुमचं खुर्ची की टेकडी चालू दे, ताटाचं कोण बोलणार? वजन 5 टक्के उतरलं की चरबी कमी होते. लिव्हरची सूज ओसरायला 7 ते 10 टक्के लागतात. म्हणजे 80 किलोच्या माणसाला साधारण 6 ते 8 किलो. नुसत्या व्यायामाने एवढं उतरणं कठीण. आमच्याकडे सासरे दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. एकदा वाटीत काढून दाखवली, जवळपास 50 ग्रॅम! वर म्हणतात, मी गोड खातच नाही.

तळजाईकर: चहा सोडा, व्यायामाचं बोला.

कोथरूडची सून: टेकडीवरून उतरल्यावर उसाचा रस किती वेळा होतो?

तळजाईकर: रविवारीच फक्त. आणि तो बिनबर्फाचा असतो.

सदाशिवपेठी: बर्फाने लिव्हरला काय फरक पडतो हो? असो, साखरेचं पटलं, उद्यापासून चहा एकच चमच्याचा. खुर्ची मात्र सोडणार नाही. तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी आहे, रिपोर्ट इथंच टाकतो.