खोक्यातले बूट: छंद म्हणायचा की गुंतवणूक?

खोकेवाला

मर्यादित संख्येने निघणारे स्नीकर्स मी गेली 11 वर्षे जमवतो आहे. आज माझ्याकडे 41 जोड आहेत आणि त्यांपैकी 26 जोडांना अजून जमीन लागलेली नाही. मागच्या महिन्यात एका स्नेह्याने कपाट पाहिले आणि ‘यातला तुझा आवडता कोणता’ असे न विचारता ‘आज सगळे विकले तर किती येतील’ असे विचारले. मला राग आला. पण खरी खंत अशी की, उत्तर माझ्या जिभेवर तयार होते. प्रत्येक जोडाचा चालू भाव मला पाठ आहे.

तरीही माझे म्हणणे असे की हा छंदच आहे. कोणत्या वर्षी कोणती रंगसंगती निघाली, चामडे कुठले वापरले, मूळ जोडापेक्षा रेट्रोचा, म्हणजे कंपनीने पुन्हा काढलेल्या आवृत्तीचा, आकार कुठे बिघडला, हे पाहण्यात माझे रविवार जातात आणि त्यांचा हिशेब मी कधी मांडलेला नाही. आपल्याकडे हौसेला मोल नसते असे म्हणतात. इथे मात्र हौसेलाच रोज नवा भाव फुटतो, म्हणून हा प्रश्न चर्चेला ठेवतो आहे.

हिशेबी

आपल्या प्रश्नाचे उत्तर आपण पहिल्याच परिच्छेदात देऊन टाकले आहे. 41 जोडांचे भाव तोंडपाठ असणाऱ्या माणसाने स्वतःला निव्वळ छांदिष्ट म्हणवून घेणे हा मला संकोच वाटतो, आणि त्याची गरज नाही. पैसा गुंतला आहे हे मान्य केले की निदान नीट नोंदी ठेवता येतात.

ही आता गल्लीबोळातली देवाणघेवाण राहिलेली नाही. 2016 साली सुरू झालेल्या स्टॉकएक्स या बूट पुन्हा विकण्याच्या ऑनलाइन बाजाराने तर शेअर बाजाराचीच मांडणी उचलली: घेणाऱ्याची बोली एकीकडे, विकणाऱ्याची अपेक्षा दुसरीकडे, आणि मागच्या सौद्यांचा आलेख सर्वांसमोर. 1985 मध्ये नायकेच्या एअर जॉर्डन 1 या बास्केटबॉल बुटाची दुकानातली किंमत 65 डॉलर होती. त्या वर्षीचे न वापरलेले जोड आज हजारो डॉलरना जातात. 2019 मध्ये सदबीजच्या लिलावात नायकेचा 1972 सालचा ‘मून शू’ 4,37,500 डॉलरना विकला गेला, आणि एप्रिल 2023 मध्ये बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनने 1998 च्या एनबीए अंतिम मालिकेत घातलेल्या जोडाला 22 लाख डॉलरहून अधिक किंमत आली. चित्रे आणि जुनी नाणी यांना गुंतवणूक म्हणताना कोणी अडखळत नाही, मग बुटांनीच काय घोडे मारले आहे?

अनवाणी

हिशेबी यांनी दिलेले आकडे खरे आहेत. पण लिलावाची दोन्ही उदाहरणे या प्रश्नाला लागूच पडत नाहीत. 22 लाख डॉलर मिळाले ते जॉर्डनच्या पायांना. त्याने त्या सामन्यात मनगटाला पट्टी बांधली असती, तर तीही अशीच चढ्या भावाने गेली असती. ‘मून शू’ ही तर नायकेचे सहसंस्थापक आणि प्रशिक्षक बिल बॉवरमन यांच्या वॅफलच्या साच्यातून सुचलेल्या सोलची सुरुवातीची, हाताने केलेली मोजकी प्रत. या ऐतिहासिक वस्तू आहेत. खोकेवाला यांच्या कपाटातले बूट कारखान्यातून निघाले आहेत आणि मर्यादित याचा अर्थ कंपनीने तूर्तास तेवढेच काढायचे ठरवले, एवढाच आहे.

‘तूर्तास’ या शब्दाकडे कृपया लक्ष द्यावे. जुने नाणे टांकसाळ पुन्हा पाडत नाही. बुटाची कंपनी मात्र तोच साचा मनाला येईल तेव्हा पुन्हा चालवते. एअर जॉर्डन 1 ची 1985 ची ‘शिकागो’ रंगसंगती 1994 मध्ये परत आली, 2015 मध्ये आली आणि 2022 मध्ये तर मुद्दाम जुनाट, भेगाळलेले रूप देऊन आली. 2021 नंतर नायकेच्या डंक या बुटाची काळी-पांढरी ‘पांडा’ आवृत्ती इतक्या वेळा पुन्हा विक्रीला आली की वरकड नफा पाहता पाहता आटला. अदिदासने ऑक्टोबर 2022 मध्ये रॅपर कान्ये वेस्टशी करार तोडला तेव्हा त्याच्यासोबत काढलेले यीझी बूट आता दुर्मीळ होणार म्हणून अनेकांनी साठा केला, आणि पुढच्याच वर्षी कंपनीने गोदामातला शिल्लक माल टप्प्याटप्प्याने स्वतःच विकायला काढला. ज्या वस्तूचा पुरवठा दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, जी भाडे देत नाही, व्याज देत नाही, लाभांशही देत नाही, आणि जिच्यावर फायदा व्हायचा तर उद्या आपल्याहून अधिक उतावळा माणूस भेटावा लागतो, त्या व्यवहाराला मराठीत सट्टा असा सरळ शब्द आहे.

हिशेबी

पुरवठ्याचा मुद्दा मान्य आहे. पण पुन्हा काढलेला जोड मूळ जोडाला नेहमीच खाली ओढतो असे नाही. 1994 चे रेट्रो तेव्हा फारसे कोणी घेतले नाहीत, दुकानांना ते सवलतीत काढावे लागले, आणि आज त्याच जोडांसाठी संग्राहक शोधाशोध करतात. नव्या आवृत्तीमुळे नवी पिढी जुन्या आवृत्तीपर्यंत पोहोचते. घाई करणाऱ्याचे नुकसान होते. थांबणाऱ्याचे होतेच असे नाही.

खोकेवाला

थांबण्याविषयी मला थोडे सांगायचे आहे, कारण मी थांबलो होतो.

माझ्याकडे एक रेट्रो जोड होता, डेडस्टॉक, म्हणजे एकदाही न घातलेला. फिती कारखान्यात ओवल्या तशाच होत्या, आत भरलेला कागदही तसाच. परवा नऊ वर्षांनी तो खोक्यातून काढला, आणि टाच अंगठ्याने जरा दाबली, तर बोट आत गेले. मिडसोलचा, म्हणजे तळातल्या मऊ थराचा, भुगा झाला होता. जुन्या उशीतल्या स्पंजासारखा पिवळट, चिकट, आणि वास आंबूस. वरचे चामडे मात्र आरशासारखे.

पॉलीयुरेथेनच्या मिडसोलचे हे असेच होते, हे मला पुस्तकी माहीत होते. हवेतली ओल त्या फोममध्ये शिरते, त्याच्या साखळ्या हळूहळू तोडत राहते आणि एक दिवस सगळे एकदम कोसळते. यातली खोच अशी की न घातल्याने बूट वाचत नाहीत. जुने संग्राहक तर म्हणतात, अधूनमधून घातलेला जोड जास्त टिकतो, कारण पायाच्या दाबाने ओल बाहेर निघते. बंद खोक्यात शोषक पुड्या ठेवाव्यात, तर अति कोरड्या हवेत डिंक सुटतो आणि चामडे तडकते. म्हणजे ज्या जोडाला मी ‘जपत’ होतो, तो माझ्या जपण्यानेच गेला.

हिशेबी, ही आपली गुंतवणूक. मुदत संपल्यावर हातात भुगा.

हिशेबी

वाईट वाटले, पण सगळेच बूट असे नसतात. एअर जॉर्डन 1 चा रबरी कपसोल, म्हणजे वाटीसारखा तळ, दशकानुदशके धरून राहतो, ईव्हीए या दुसऱ्या प्लॅस्टिकचा फोमही ओलीला फारशी दाद देत नाही. वस्तू कशाची केली आहे हे पाहून घेणे, ही प्राथमिक चौकशीच झाली. आणि मी स्वतः कोणताही पॉलीयुरेथेनचा जोड दोन-तीन वर्षांपलीकडे ठेवत नाही. भाव आला की काढतो.

अनवाणी

मग त्याला व्यापार म्हणावे! माल घेतला, फिरवला, कमिशन, पडताळणी आणि पाठवणावळ वजा जाता उरले ते घेतले. त्यात काही गैर नाही, पण ‘थांबणाऱ्याचे नुकसान होतेच असे नाही’ हे वाक्य आपण दोन प्रतिसादांपूर्वी लिहिले होते, याची आठवण करून देतो. शिवाय साधी अडचण मापाचीही आहे. शेअर कोणालाही विकता येतो. बूट त्याच मापाच्या माणसाला विकावा लागतो, आणि फार लहान किंवा फार मोठ्या मापाला गिऱ्हाईक मिळेपर्यंत खालचा फोम वाट पाहत नाही.

दुहेरी गाठ

मी संग्राहक नाही, माझा भाऊ आहे, त्यामुळे हे सर्व मी शेजारच्या खोलीतून पाहिले आहे. आपण तिघेही छंद आणि पैसा हे दोन वेगळे कप्पे धरून बोलत आहात. मला तसे दिसत नाही. 2005 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘पिजन’ डंक विक्रीला आला तेव्हा दुकानापुढे इतकी गर्दी झाली की पोलीस बोलवावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी ती बातमी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकली. त्या रांगेतले किती जण त्या राखाडी रंगावर भाळले होते आणि किती जण दुसऱ्याला मिळणार नाही म्हणून उभे होते, हे त्यांचे त्यांना तरी सांगता आले असते का?

मर्यादित जोड कोणाला विकत मिळणार हे ठरवणाऱ्या सोडतीत माझ्या भावाला जोड लागला की तो आधी खोक्यावरचे माप आणि क्रमांक वाचतो, मग भाव पाहतो, आणि नंतर बूट पाहतो. हा क्रम मी अनेकदा पाहिला आहे. पण तोच मुलगा रात्री दाढीच्या जुन्या ब्रशने सोलच्या खाचा साफ करत बसतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भाव नसतो, म्हणजे बाजारभाव नसतो. दोन्ही माणसे एकाच अंगात राहतात. खोकेवाला यांना राग आला तो स्नेह्याचा नव्हे, त्यांच्याच आतल्या दुसऱ्या माणसाचा, असे मला वाटते.

खोकेवाला

दुहेरी गाठ यांचे म्हणणे बोचले, म्हणजे बहुधा बरोबर असावे.

त्या मोडलेल्या जोडाबद्दल एक राहिले. सोल बदलून घेता येतो: त्याच मॉडेलचा अलीकडचा, स्वस्तातला जोड घ्यायचा, त्याचा सोल उतरवून जुन्या चामड्याला चिकटवायचा. बूट पुन्हा चालता होतो. मात्र तसे केले की तो मूळ जोड राहत नाही आणि बाजारात त्याची किंमत जवळपास संपते.

हिशेबी

असे करू नये. मूळ चामडे आणि खोके शाबूत असेल, तर कोसळलेल्या अवस्थेतही त्याला घेणारे असतात. आपली हरकत नसेल तर आहे तसा मीच घेतो. रास्त किंमत सांगावी.

खोकेवाला

आभारी आहे, पण नको. सोल देणारा जोड कालच मागवला आहे, आणि मूळ खोक्यात सध्या हिवाळी मोजे ठेवले आहेत.