रॅम वाढवल्यापासून संगणक वारंवार बंद पडतो. दोष रॅममध्येच आहे हे खात्रीने कसे ठरवावे?

जुळारी

मी पुस्तकांच्या आणि नियतकालिकांच्या अक्षरजुळणीचे काम करतो व सध्या माझ्याकडे दिवाळी अंकांची पाने आहेत. माझा संगणक एएमडी रायझन ५ ३६०० प्रोसेसरचा असून त्यात सुरुवातीपासून डीडीआर४ प्रकारच्या ८ जीबीच्या दोन रॅम होत्या. स्कॅन केलेली चित्रे असलेल्या मोठ्या फाइली उघडताना त्या अपुऱ्या पडू लागल्या, म्हणून मे महिन्यात ८ जीबीच्या आणखी दोन रॅम बसवून घेतल्या. नव्या रॅम वेगळ्या कंपनीच्या आहेत, परंतु त्यांच्यावरही ३२०० हाच वेग छापलेला आहे.

त्यानंतर काही आठवड्यांनी संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागला. पडद्यावरचा संदेश दर वेळी निराळा असतो: कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, तर कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. काही वेळा निळा पडदा न दिसताच संगणक थेट पुन्हा सुरू होतो. मोठी पीडीएफ तयार करताना हे अधिक घडते, मात्र केवळ ब्राउझर उघडा असतानाही घडलेले आहे. याहून मला अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की लेखकांकडून आलेली झिप फाइल उलगडताना अधूनमधून सीआरसी त्रुटी (फाइलमधील पडताळणीचा आकडा जुळत नसल्याचा इशारा) येते आणि संगणक पुन्हा सुरू करून तीच फाइल उलगडली की ती बिनतक्रार उघडते.

दुकानात विंडोज नव्याने टाकून दिले, पण फरक पडला नाही. विंडोजमधील मेमरी डायग्नॉस्टिक चालवले, त्यातही दोष आढळला नाही. त्यामुळे रॅम चांगली असून मदरबोर्ड बदलावा लागेल, असे दुकानदाराचे म्हणणे आहे. रॅम काढून खोडरबराने पुसून बसवावी, असेही एकाने सुचवले. एवढा खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे हे घरच्या घरी निश्चित करता येईल का?

रात्रपाळी

निश्चित करता येईल, आणि तुम्ही दिलेल्या वर्णनात त्याचा बराचसा मार्ग दडलेला आहे.

संदेश दर वेळी वेगळा असणे हीच महत्त्वाची खूण आहे. एखादा ड्रायव्हर (उपकरण चालवणारी प्रणाली) बिघडलेला असला, तर साधारणपणे तोच संदेश आणि त्याच ड्रायव्हरचे नाव पुन्हा पुन्हा दिसते. मेमरीतला एखादा बिट (० किंवा १ हा सर्वांत छोटा अंक) चुकत असला, तर त्या क्षणी त्या जागी कोणाची माहिती ठेवलेली आहे यावर संदेश ठरतो, त्यामुळे त्याला काही सुसंगती राहत नाही. झिप फाइलचा अनुभव तर याहून बोलका आहे. डिस्कवरील फाइल शाबूत नसती, तर ती दुसऱ्या वेळीही उलगडली नसती. याचा अर्थ माहिती डिस्कवर ठीक आहे आणि वाचून झाल्यावर, मेमरीत किंवा मेमरीकडे जाण्याच्या वाटेवर, बिघडते आहे. विंडोज नव्याने टाकून हा दोष जाण्याचा प्रश्नच नव्हता.

म्हणून चाचण्यांच्याही आधी एक विनंती. दोष सापडेपर्यंत या संगणकावर अंकाचे काम करू नका आणि जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप मुळीच चढवू नका. सदोष मेमरी असलेला संगणक बंद पडतो तेव्हा निदान आपल्याला कळते तरी. तो बंद न पडता चुकीची माहिती डिस्कवर लिहितो, तेव्हा काहीच कळत नाही.

विंडोजची चाचणी निर्दोष आली म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही. ती मूळ मांडणीत थोडक्यात आटोपते. चाचणी सुरू होताच एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ हा पर्याय निवडला तर ती अधिक कसून होते. तरीही मेमटेस्ट८६ किंवा मुक्त स्रोत असलेले मेमटेस्ट८६ प्लस यांपैकी एक पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करणे अधिक भरवशाचे आहे. मेमटेस्ट८६ची मोफत आवृत्ती चार फेऱ्यांपर्यंत चालते आणि तेवढ्या पूर्ण होऊ द्याव्यात, कारण काही दोष रॅम तापल्यावरच प्रकट होतात. स्वीकारार्ह त्रुटींची संख्या शून्य आहे. एक त्रुटी आली तरी ती ‘चालून जाईल’ असे समजू नये.

चाचणीचा क्रम मात्र काटेकोर ठेवा. आधी रॅमच्या चारही स्टिक (पट्ट्या) आहेत तशाच ठेवून चाचणी घ्या. त्रुटी आल्या तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ मांडणीत) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवणारी सोय, बंद करा (काही मदरबोर्डवर या सोयीला डीओसीपी म्हणतात) आणि पुन्हा चाचणी घ्या. याचे कारण असे, की डीडीआर४चा मूळ व्होल्टेज १.२ आहे आणि एक्सएमपी चालू केल्यावर बहुतेक ३२०० वेगाच्या रॅम १.३५ व्होल्टवर, उत्पादकाने ठरवलेल्या वेगळ्या वेळापत्रकानुसार चालतात. शिवाय तुमच्या प्रोसेसरमालिकेसाठी एएमडीने ३२०० हा वेग दोन स्टिकसाठी दिलेला आहे. चार स्टिक बसवल्या की अधिकृत मर्यादा सिंगल रँक (चिपचा एकच संच असलेल्या) रॅमसाठी २९३३ आणि ड्युअल रँकसाठी (दोन संच) २६६७ इतकी खाली येते. त्यामुळे चारही रॅम चांगल्या असूनही ३२०० वेगाला त्रुटी येणे सहज शक्य आहे, आणि तसे असेल तर वेग कमी करण्यापलीकडे एक पैसाही खर्च करावा लागणार नाही.

एक्सएमपी बंद असतानाही त्रुटी आल्या, तर प्रत्येक स्टिक एकटी, एकाच स्लॉटमध्ये बसवून तपासा. प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट त्यासाठी बहुतेक मदरबोर्डवर योग्य असतो. जी स्टिक नापास होईल ती दुसऱ्या स्लॉटमध्येही तपासा आणि जी पास झाली ती त्या दुसऱ्या स्लॉटमध्ये तपासा. दोष स्टिकबरोबर हलला तर स्टिक वाईट. स्लॉटपाशीच राहिला तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग). एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पथ्य मोडले तर सगळी मेहनत वाया जाते. त्रुटी आल्या की पडद्यावर दिसणाऱ्या पत्त्यांचे, म्हणजे मेमरीतील सदोष जागांच्या क्रमांकांचे, छायाचित्र काढून ठेवा.

तारायंत्र

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण निळा पडदा न दिसता संगणक थेट पुन्हा सुरू होतो, हे लक्षण वेगळे काढून तपासले पाहिजे, कारण त्यामागे वीजपुरवठाही असू शकतो.

विंडोजमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या भागात ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ अशी खूण आधीपासून केलेली असते, ती काढून टाका. ती असल्यामुळे निळा पडदा क्षणभर येऊन निघून जातो आणि आपल्याला वाटते की तो आलाच नाही. त्यानंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घटनांच्या नोंदवहीत) ‘कर्नल पॉवर ४१’ ही नोंद शोधा आणि तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ काय आहे ते पाहा. तो शून्य असेल तर विंडोजला काही नोंदवण्याची संधीच मिळालेली नाही, म्हणजे वीज तुटली असावी किंवा संगणक जागच्या जागी गोठला असावा. आकडा शून्य नसेल तर ती निळ्या पडद्याचीच घटना आहे. येथे आकडा दशमान पद्धतीत दिसतो हे ध्यानात ठेवा: २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, १० म्हणजे आयआरक्यूएलचा संदेश आणि ८० म्हणजे पेज फॉल्टचा.

खोडरबराबद्दल माझे मत स्पष्ट आहे: तो वापरू नये. रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर सोन्याचा अत्यंत पातळ थर असतो आणि घासल्याने तो झिजतो, तसेच रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. आपल्याकडे हा उपाय इतका रूढ होण्याचे कारण असे, की पावसाळ्यातल्या दमट हवेत संपर्क खराब होतो आणि रॅम काढून पुन्हा नीट बसवली की तो सुधारतो. श्रेय मात्र खोडरबराला मिळते. पुसायचेच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड वापरा आणि पट्टी पूर्ण वाळल्यावरच बसवा. त्याआधी प्लग काढा, पॉवरचे बटण काही क्षण दाबून धरा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच रॅमला स्पर्श करा. एरवी प्लग लावलेला असताना कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तुमच्या घरातील अर्थिंग बहुधा सदोष आहे आणि ते इलेक्ट्रिशियनकडून आधी दुरुस्त करून घ्या.

जुळारी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच सर्व चाचण्या घेतल्या.

कर्नल पॉवरच्या नोंदींत एकही शून्य नाही. २६ आणि ८० हेच आकडे वारंवार दिसतात, म्हणजे थेट रीस्टार्ट वाटत होते तेही निळे पडदेच होते. चारही स्टिक ३२०० वेगाला असताना मेमटेस्टमध्ये पहिल्याच फेरीत त्रुटी आल्या. एक्सएमपी बंद केल्यावर त्या खूप कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. मग एकेक स्टिक तपासली. जुन्या दोन्ही आणि नव्यांपैकी एक रात्रभर चालूनही निर्दोष राहिली. नव्यांपैकी दुसरी दोन्ही स्लॉटमध्ये नापास झाली. तिचे सर्व पत्ते एकमेकांच्या अगदी जवळचे आहेत आणि अपेक्षित व प्रत्यक्ष आकड्यांत दर वेळी त्याच एका बिटाचा फरक आहे. जुन्या दोन्ही रॅम एकत्र बसवून ३२०० वेगालाही चाचणी घेतली, ती स्वच्छ आली.

आता दोन प्रश्न उरतात. सदोष पत्ते इतके थोडे असतील तर तेवढा भाग वगळून ती रॅम वापरता येईल का? आणि मेपासून आतापर्यंत साठवलेल्या फाइलींचे काय करावे?

रात्रपाळी

तुमचे निदान पूर्ण झाले आहे. दोष स्टिकबरोबर दोन्ही स्लॉटांत गेला, पत्ते जवळजवळ आहेत आणि बिट तोच आहे. याचा अर्थ त्या स्टिकवरील एका चिपचा छोटासा भाग निकामी आहे आणि मदरबोर्डला हात लावण्याची गरज नाही. वेग किंवा व्होल्टेज हेच मूळ कारण असते तर पत्ते विखुरलेले असते आणि एक्सएमपी बंद केल्यावर त्रुटी बहुधा पूर्ण थांबल्या असत्या.

रॅमचा असा कायमचा बिघाड फार दुर्मीळ आहे असेही नाही. टोरंटो विद्यापीठातील संशोधक बियांका श्रोडर आणि त्यांच्या गूगलमधील सहकाऱ्यांनी गूगलच्या सर्व्हरांवरील सुमारे अडीच वर्षांच्या नोंदी अभ्यासून २००९ मध्ये दाखवले, की दर वर्षी आठ टक्क्यांहून अधिक मेमरी मॉड्यूलमध्ये त्रुटी नोंदल्या जातात आणि त्यांत क्षणिक चुकांपेक्षा कायमच्या बिघाडांचा वाटा मोठा आहे. त्या सर्व्हरांवर ईसीसी (स्वतःच्या चुका ओळखणारी) मेमरी असल्यामुळे त्रुटी मोजता तरी आल्या. आपल्या घरगुती रॅममध्ये ती तपासणी नसते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: विंडोजमध्ये आणि लिनक्समध्येही सदोष पत्ते वगळण्याची सोय आहे, परंतु तुमच्या कामासाठी ती मी सुचवणार नाही. आज बिघडलेल्या भागाशेजारचा भाग उद्या टिकेल याची हमी नसते. ती स्टिक काढून ठेवा आणि सध्या जुन्या दोन रॅमवर काम करा. वेळ थोडा जास्त लागेल, पण पाने विश्वासार्ह राहतील.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे, आणि अक्षरजुळणी करणाऱ्याला तो विशेष लागू पडतो. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक षोडशमान पद्धतीत ०९१५ आहे आणि ‘ग’चा ०९१७. या दोहोंत एकाच बिटाचा फरक आहे. मेमरीत तो बिट उलटला तर ‘काळ’चा ‘गाळ’ होईल, आणि दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारी कोणतीही प्रणाली तो पकडणार नाही. फाइल साठवण्यापूर्वीच अक्षर बदललेले असेल तर फाइलमधील सीआरसीही त्या चुकीच्या मजकुरावरूनच काढला जातो, म्हणून फाइल निर्धोकपणे उघडते यावरून आतला मजकूर बरोबर आहे असे सिद्ध होत नाही.

म्हणून लेखकांच्या ईमेलमधील मूळ फाइली पुन्हा उतरवून घ्या आणि मजकूर त्यांच्याशी ताडून पाहा. वर्ड आणि लिब्रेऑफिस या दोन्हींत दोन दस्तऐवजांची तुलना करण्याची सोय आहे. चित्रे आणि फाँट जसेच्या तसे राहायला हवे असल्यामुळे त्यांचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या आशयावरून निघणारी ओळखखूण) विंडोजच्या सर्टयुटिल आज्ञेने काढून मेपूर्वीच्या बॅकअपमधील प्रतींशी जुळवता येईल. तयार झालेल्या पीडीएफ मात्र सरसकट रद्द समजा, मांडणीच्या फाइलींतून नव्याने काढा आणि छपाईला देण्यापूर्वी प्रत्येक पान डोळ्यांखालून घाला.

तारायंत्र

वॉरंटीसंबंधी थोडे सांगतो. नव्या दोन रॅम एकाच पाकिटात, जोडी म्हणून विकलेल्या असतील तर बदलीसाठी अनेकदा दोन्ही परत मागतात, म्हणून चांगली निघालेली स्टिकही बाजूला काढून ठेवा. स्टिकवरील अनुक्रमांकाचे लेबल फाटू देऊ नका, उष्णता पसरवणारी धातूची पट्टी असल्यास ती उचकटू नका आणि बिलाबरोबर मेमटेस्टच्या पडद्याचे छायाचित्र जोडा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर बहुतेक रॅम उत्पादक थेट दावा स्वीकारतात, त्यांच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक नोंदवता येतो.

बदली रॅम आल्यावर ती आधी एकटी तपासा, नंतर चारही एकत्र बसवून वेग हाताने २६६६वर ठेवा आणि पुन्हा चार फेऱ्या होऊ द्या. स्वच्छ आल्या तर २९३३चा प्रयत्न करायला हरकत नाही, पण अंक छापखान्यात जाईपर्यंत २६६६वरच राहिलात तर तुमच्या कामात जाणवण्यासारखा फरक पडणार नाही.