दौऱ्यावरचे बावीस तास

कार्यक्रम दोन तासांचा असतो. लोक त्या दोन तासांबद्दल बोलतात, लिहितात, फोटो काढतात. उरलेले बावीस तास आपण कुठं असतो, काय खातो, कुठं आडवे होतो, हे कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. गाणारे, वाजवणारे, साउंडवर बसणारे, पेट्या उचलणारे, सगळ्यांनी लिहा. मोठ्या कलावंतांचे किस्से नकोत, ते पुष्कळ झालेत. आपापलं लिहा. सुरुवात मी करतो.

तबला, पुणे

मी साथीदार. १९ वर्षं झाली. आमची सुगी हिवाळ्यात. डिसेंबरात ग्वाल्हेर आणि जालंधरचे संगीत महोत्सव, आपला सवाई गंधर्व. जानेवारी उजाडली की अहमदाबादचं सप्तक आणि मग कोलकाता, जिथं डोव्हर लेनच्या संमेलनात लोक शाली पांघरून रात्रभर बसतात. यातल्या सगळीकडे दरवर्षी बोलावणं येतं असं समजू नका. कधी दोन, कधी एक, कधी नुसताच फोन येऊन राहतो.

कोलकात्याला मी बहुतेक आझाद हिंद एक्सप्रेसनं जातो. गायकाला विमान, साथीला रेल्वे हा रिवाज अजून मोडलेला नाही. मलाही त्याचं फार वाईट वाटत नाही, कारण विमानाच्या १५ किलोंत बसवू काय काय? तांब्याचा डग्गा, गायकासाठी काळी एकचा (म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा) तबला, गायिका असेल तर काळी चारचा, शिवाय पुडी (वरचं कातडं) फाटली तर म्हणून एक जास्तीचा. झब्बे उरलेल्या जागेत, म्हणजे चुरगळूनच. रेल्वेत दोन रात्री आणि मधला एक दिवस हातात असतो. बोटं मांडीवर चालू ठेवायची. समोरच्या बाकावरचे काका पहिले दोन तास संशयानं बघतात, मग डबा उघडून पुढं करतात.

एकदा विमानानं पाठवलं. मी तबला लावायची हातोडी चुकून हातातल्या बॅगेत टाकली, सोबत हाताला लावायच्या पावडरचा डबा. तपासणीच्या जवानानं दोन्ही बाहेर काढून शेजारीशेजारी ठेवलं: एक हातोडी आणि पांढरी भुकटी. मी त्याच टेबलावर तीनतालचा ठेका धरून दाखवला. माणूस हसला, पावडर परत दिली, हातोडी ठेवून घेतली. त्या रात्री हॉटेलच्या मुदपाकखान्यातून खलबत्त्याचा बत्ता मागून आणला आणि त्यानं तबला सुरात लावला. बरा लागला.

रात्रभराच्या मैफलीत आपली पाळी अडीचला असेल तर झोपता येत नाही, ते तबल्यामुळं. कातडं दमट हवेत ओलावा धरतं आणि सूर उतरतो. रात्री अकराला लावून ठेवलेला तबला दोनला कुठल्या कुठं गेलेला असतो. आणि एसीच्या खोलीतून एकदम दिव्यांखाली नेला की पहिल्या ख्यालाच्या मध्यावर चढतो. शेकोटीजवळ किंवा दिव्याशी धरून तापवणारे आहेत, मी नाही. मधल्या काळ्या शाईला तडे जातात. मी दर अर्ध्या तासानं उठून टकटक करतो. शेजारच्या खाटेवरचा पेटीवाला मला शिव्या देतो आणि कूस बदलतो.

ऑर्गन, वडसा

दादा, तुमची मैफल अडीचला, तर आमच्या नाटकाचा तेव्हा दुसरा अंक. झाडीपट्टीत दिवाळी झाली, भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरायला लागल्या की आमचा सीझन सुरू, तो होळीच्या आसपासपर्यंत. आज गडचिरोलीत, उद्या चंद्रपुरात, परवा भंडारा-गोंदियाकडं. ज्या गावात शंकरपट (बैलांच्या शर्यती) असतो तिथं गर्दी विचारू नका. नाटक रात्री दहाच्या पुढं कधीतरी उघडतं आणि पडदा पडतो तेव्हा कोंबडे आरवत असतात. मधे लावण्या, विनोदी पार्ट, वन्समोअर. लोक घरून पोती, चादरी आणून बसतात. दमलं की तिथंच झोपतात, रडारडीचा प्रवेश आला की बायका त्यांना हलवून उठवतात.

डिसेंबरात मध्यरात्री बोटं चालत नाहीत. पट्ट्या बर्फासारख्या. मी हातमोज्यांची बोटं कापून घातले, तेही जड होतात. शेवटी उपाय एकच: प्रवेश संपला, अंधार झाला की दोन्ही हात मांड्यांखाली दाबायचे. ऑक्टोपॅडवाल्याचं बरं असतं, तो बडवून गरम होतो.

सकाळी टेम्पोत सामान आणि सामानावर आम्ही. झोप खड्ड्यांच्या मधे मधे. दुपारी बाराला पुढच्या गावात एखाद्या शाळेत किंवा कुणाच्या ओसरीवर. गावातला पोरगा येऊन विचारतो, "आज कोणतं नाटक हाये?" आणि मला खरंच पोस्टर बघून सांगावं लागतं.

गायिका, ठाणे

मी अमेरिकेच्या दौऱ्याबद्दल लिहिते, कारण त्याच्याबद्दल घरच्यांच्या कल्पना फार रम्य आहेत.

तिकडचे कार्यक्रम शुक्रवार, शनिवार, रविवार. मंडळं हौशी माणसांची, शाळेचं नाहीतर कॉलेजचं सभागृह भाड्यानं घेतलेलं, वेळ संपली की जास्तीचे पैसे पडतात म्हणून आयोजक विंगेतून घड्याळ दाखवत असतो. भैरवी किती मिनिटांची होणार हे तो ठरवतो. सोमवार ते गुरुवार आपण कुणाच्या तरी घरी. घर मोठं, माणसं लाख, पण ती सकाळी आठला कामावर जातात आणि आपण तळघरातल्या पाहुण्यांच्या खोलीत एकटे. बाहेर चालत जाण्यासारखं काही नाही. गाडीशिवाय दुधाची पिशवीसुद्धा मिळत नाही. पहिल्या दौऱ्यात मी एका आठवड्यात फक्त तीन माणसांशी बोलले, त्यातला एक कुरिअरवाला.

रियाजाला मात्र याहून छान जागा नाही. तळघरात आवाज कुठं जात नाही. अडचण हवेची. थंडीत हीटर चोवीस तास चालू, हवा इतकी कोरडी की सकाळी घशाला कोरड पडलेली. यजमानबाईंनी मुलीच्या खोलीतलं हत्तीच्या आकाराचं वाफेचं यंत्र आणून दिलं. त्या हत्तीनं माझे दोन कार्यक्रम वाचवले.

जेवण! प्रत्येक गावी आपल्यासाठी प्रेमानं खास बेत. खास म्हणजे श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात. अकरा गावं, अकरा वेळा श्रीखंड. कार्यक्रमाआधी दही-तूप चालत नाही हे किती वेळा सांगणार? नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. मी एक युक्ती काढली: "गाणं झाल्यावर नक्की." गाणं झाल्यावर फोटोंतच तास जातो.

लेक तेव्हा सात वर्षांची. शिकागोत असताना साडेदहा तासांचा फरक. तिची रात्र म्हणजे माझी सकाळ. तिला झोपवायला रोज फोनवर एकच ओवी गायची, आणि मी ती गात असताना वरच्या मजल्यावर यजमानांची मिक्सरवर चटणी.

आणि एक गोष्ट बायकाच लिहितील म्हणून लिहिते. इथल्या गावोगावच्या दौऱ्यांत माझा पहिला प्रश्न मानधनाचा नसतो. कार्यक्रमाच्या जागी बाथरूम आहे का आणि त्याला आतून कडी आहे का, हा असतो. नऊवारी नेसून तासन्‌तास पाणी न पिता बसायचं आणि वर गळा मोकळा ठेवायचा. ग्रीनरूम म्हणून मला एकदा बँडवाल्यांच्या ढोलांची खोली मिळाली होती. कडी नव्हती. दाराला एक ढोल लावला.

साउंड, नाशिक

ताई, कडीचं शंभर टक्के खरं. आमच्याकडं एक लांब वायर कायम असते, तिनं दार बांधता येतं. मागून घ्या, लाजू नका.

ढोलकी, नारायणगावजवळून

वडील सांगतात तसं लिहितोय. त्यांची चाळीसहून जास्त वर्षं तमाशाच्या फडात गेली, आता गुडघ्यामुळं थांबलेत.

"दसऱ्याला घर सोडायचं, बुद्धपौर्णिमेला परत यायचं. मधल्या काळात घरी काय झालं ते पत्रानं कळायचं, पुढं एसटीडीनं. थोरलं पोरगं जन्मलं तेव्हा मी खानदेशात होतो. आठ दिवसांनी कळलं. त्या रात्री गवळण जरा जास्तच रंगली, असं मालक म्हणाला. का रंगली, ते त्याला माहीत नव्हतं."

(थोरलं पोरगं म्हणजे मी.)

"गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन यात्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. चैत्रात दम खायला वेळ नसतो. रात्रभर गण, गवळण, बतावणी, वग. पहाटे तंबू उतरवायचा. पण यात्रा असली की सकाळी हजेरी द्यावी लागते, म्हणजे परत खेळ. रात्रीचा रंग अजून तोंडावर, आणि गावकरी आंघोळ करून ताजेतवाने येऊन बसतात. हलगीवाला उसाच्या पाचटाचा जाळ करून हलगी तापवतो, मी त्याच जाळावर चहा. मग ट्रक. ट्रकात ठरलेल्या जागा असतात. ढोलकीवाल्याची जागा गाद्यांच्या ढिगावर, ढोलकी पोटाशी. झोपेत सुद्धा हात तिच्यावर. उगवलेला सूर्य आम्ही पाहिला, तो बहुतेक डोळे मिटता मिटता."

मी विचारलं, सगळ्यात वाईट काय? वाटलं पाऊस सांगतील, नाहीतर तंबूवर दगड पडलेले. म्हणाले, "कपडे वाळत नाहीत. रोज नवं गाव, धुतलेला सदरा ओलाच पेटीत."

पखवाज, परभणी जिल्हा

राम कृष्ण हरी. आमचा दौरा म्हणजे सप्ताह. एका गावात सात दिवस, आठव्या दिवशी काला, दुपारी पुढचं गाव. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन, त्यानंतर जागर. महाराज रोज नवे येतात, त्यांची चाल वेगळी, लय वेगळी. मृदंगी मात्र सात दिवस एकच. तेव्हा सकाळी फोन करून विचारायचं, "महाराज, अभंग कोणता?" काही सांगतात. काही म्हणतात, "विठ्ठल सुचवील तो."

आमचा खरा प्रश्न कणकेचा. धूमेला, म्हणजे पखवाजाच्या मोठ्या तोंडाला, रोज ताजी कणीक लावावी लागते, वाजवून झालं की खरवडून काढायची. ज्या घरी जेवणाची पाळी तिथं भाकरी ज्वारीची, आणि ज्वारीचं पीठ धरत नाही, गळून पडतं. गव्हाचंच लागतं. मी शिकायला आळंदीला होतो तेव्हापासून पिशवीत पावशेर गव्हाचं पीठ असतं. एका गावात माउलीनं विचारलं, आमच्या हातचं जेवण गोड लागत नाही का, स्वतःचं पीठ घेऊन हिंडता? सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं रोज संध्याकाळी मळलेला गोळा देवळात आणून दिला, मऊ, तेलाचं बोट लावून. इतका सुंदर घुमारा मला परत मिळालेला नाही. काढलेली कणीक गाईला.

तंबोरा, मिरज

मी विद्यार्थिनी, गुरूंच्या मागं तंबोऱ्यावर बसते, त्यामुळे अनुभव कमी. पण तंबोऱ्याचं तिकीट कुणी काढत नाही हे लिहायलाच हवं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दुध्यासारखाच नाजूक. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तरी टीसीला ते माहीत नसतं. वरच्या बर्थवर तो झोपतो, मी बसून. तारा उतरवलेल्या, घोडी रुमालात, जिवारीचे सुती दोरे काडेपेटीत. एकदा पहाटे शेजारच्या आजींनी कापडावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "कोण आजारी आहे गं?"

सगळे म्हणतात फोनवर तंबोऱ्याचं ॲप आहे, मग हे ओझं कशाला. मी दोन्ही नेते. ॲप हॉटेलात रियाजाला. आमच्या बाई ॲप ऐकून गातात, पण तंबोरा लागला की आधी दोन मिनिटं नुसत्या बसतात.

वादकाची बायको, सोलापूर

मी वाजवत नाही, तरी लिहू ना? तुमचे बावीस तास असतात तेव्हा आमचे चोवीस असतात. गॅस संपणं, सासऱ्यांचं शुगर, मुलाची तोंडी परीक्षा, हे सगळं हे गावाला गेल्यावरच होतं. मी फोनवर सांगत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी तर नाहीच. त्यांना आवाजावरून कळतं, तेही विचारत नाहीत. परत आले की दोन दिवस पाहुण्यासारखे वागतात. चहा कुठं ठेवलाय ते विचारतात. तिसऱ्या दिवशी घरचे होतात, तोवर पुढच्या गाडीचं तिकीट आलेलं असतं.

एक विचारायचं होतं. मानधनाचं पाकीट मिळायला तीन-तीन महिने लागतात, ते तुम्ही सगळे कसं मागता? यांना मागवत नाही.

तबला, पुणे

वहिनी, लिहा म्हणजे काय, लिहायलाच हवं होतं. पैशांचं सांगतो. मी आता बोलावणं येतं तेव्हाच विचारतो, व्हॉट्सॲपवर, म्हणजे लिहिलेलं राहतं: मानधन किती, कधी, प्रवास कोणाचा. आधी लाज वाटायची. एका संस्थेनं दीड वर्ष फिरवलं तेव्हा गेली. निम्मे निघण्याआधी मागायचे, उरलेले मंचावर चढायच्या आधी. उतरल्यावर आयोजक सापडत नाही. त्यांना जमत नसेल तर तुम्ही मेसेज करा, 'व्यवस्थापक' म्हणून. माझी बायको करते. तिच्या मेसेजला लगेच उत्तर येतं.

परभणीच्या बुवांना एक विचारतो: ती तेलाचं बोट लावलेली कणीक, तेल गोडं की करडईचं?

पखवाज, परभणी जिल्हा

करडई.