परळीत नवा संच? आधी पाणी कुठाय ते सांगा

गोदाकाठकर: विजेची मागणी वाढली की परळीच्या औष्णिक केंद्रात संच वाढवा, ही हाकाटी ठरलेली. (संच म्हणजे वीज तयार करणारं युनिट.) २०१३च्या फेब्रुवारीत केंद्राला पाणी पुरवणाऱ्या खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही आणि सगळं केंद्र बंद पडलं. २०१५च्या जुलैत पुन्हा तेच. यंत्रं जागेवर, माणसं जागेवर, पाण्याचा पत्ता नाही. कोळसासुद्धा लांबून रेल्वेनंच येतो. मग पाणी आहे तिथं वीज तयार करा आणि इकडं तारेनं आणा.

टर्बाईन: जरा हिशेब करू. २०१५च्या पर्यावरण नियमांत जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा आहे. २५० मेगावॅटचे तीन संच वर्षभर पूर्ण क्षमतेनं चालले तरी २३ दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी लागतं. एवढ्यात फार तर ११००-१२०० हेक्टर ऊस निघतो. बीड जिल्ह्यात ऊस किती आहे ते मी सांगायला नको. तेवढा कमी करायचं नाव कुणी काढत नाही!

गोदाकाठकर: वर्षाचा हिशेब काय कामाचा हो? वीज सगळ्यात जास्त लागते एप्रिल-मेमध्ये, आणि दुष्काळी साली माजलगाव धरण तेव्हाच मृतसाठ्यात (कालव्यात सोडता येत नाही अशा तळाच्या पाण्यावर) असतं. रोजचं सहा कोटी लिटर आणायचं कुठून? उसाचं म्हणाल तर खुशाल कमी करा. पण वाचलेलं पाणी मेपर्यंत धरणात राहू देतील? बाष्पीभवनाचं तर सोडाच.

नागपूरकर: आमच्या कोराडीच्या वीज केंद्राला भांडेवाडीच्या प्रकल्पात शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी जातं. २०१६च्या वीजदर धोरणातही आहे, ५० किमीच्या आत सांडपाणी प्रकल्प असेल तर तेच वापरा म्हणून.

टर्बाईन: नागपूरएवढं सांडपाणी परळीजवळ आहे कुठे? त्यापेक्षा हवेनं थंड होणारा कंडेन्सर (वाफेचं पुन्हा पाणी करणारं यंत्र) लावा. पाण्याची मोठी बचत होते. कोळसा जास्त जळतो आणि ऐन उन्हात उत्पादन उतरतं, हेही खरं.

कोरडवाहू: त्यापेक्षा सोलर लावा, मिटला विषय.

टर्बाईन: आणि रात्री आठला?

गोदाकाठकर: रात्रीचं नंतर बघू. नवा संच मागण्याआधी कोळशाची राख पाण्यात कालवून पाइपानं तळ्यात सोडणं तरी बंद करा. कोरडी राख विटांना आणि सिमेंटला हवीच असते. तळ्यातलं पाणी पुन्हा वापरात किती येतं, त्याचे आकडे केंद्रानं दर महिन्याला फलकावर लावावेत.