कान झाकणारे हेडफोन: प्रवासातले, घरातले. तुमचे अनुभव लिहा

मोरपंखी:
काल माळा आवरताना बाबांचे हेडफोन हाती लागले. जाडजूड, पिळाची वायर, टोकाला ती मोठी पिन. स्पंजला हात लावला तर भुगा, वरचं रेक्झिन काळे पापुद्रे होऊन बोटांना चिकटलं. रविवारी दुपारी घर झोपलं की बाबा डेकला हे लावून गाणं ऐकत बसायचे. खोलीत चिडीचूप, फक्त मांडीवर बोटं चालायची. समेवर त्यांची मान हलली की आम्ही मुलंही हलवायचो.
आता मला स्वतःला घ्यायचेत. पुणे-नागपूर रात्रीची स्लीपर सारखीच असते, आणि घरी सगळं आवरल्यावर शांतपणे रागदारी ऐकायची असते. एकच जोडी दोन्हीला चालते का? दुकानदाराचं मत नको, वापरणाऱ्यांनी सांगा.

बोगदा:
बससाठी नॉइज कॅन्सलिंगच. मी सोनीचे एक्सएम४ कोकण रेल्वेत वापरतो. एसीची घरघर, चाकांची धडधड, बोगद्यातला घुमारा, हे एकसुरी खर्जातले आवाज बरेचसे गायब होतात. शेजारच्या काकांचा फोन मात्र ऐकू येतोच. बाहेरचा आवाज माइकने टिपून त्याच्या उलटी लाट सोडतात, ते सतत चालणाऱ्या आवाजाला जमतं, बोलणं निसटतं.
आणि बॅगेत जागा किती ते बघा. एक्सएम४ची घडी होते, एक्सएम५ची तशी होत नाही, डबा मोठा. एक्सएम६ला घडी परत आणली.

पावशेर चहा:
काकांचा फोन स्पीकरवरच असतो ना, त्याला विज्ञान काय करणार 😀

षड्ज:
घरासाठी ओपन-बॅक, म्हणजे मागून उघड्या जाळीचे, दुसरा विचारच नको. माझ्याकडे सेनहायझर एचडी ६०० आहेत. १९९७ सालचं मॉडेल, अजून विकतात यातच काय ते आलं. तानपुऱ्याची जवारी मोकळी ऐकू येते, खर्जाची तार विरत जाते ती शेवटपर्यंत कळते. डग्गा उगाच फुगत नाही. गवयाने तान घेण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा कळतो.
पण ३०० ओहमचे आहेत, म्हणजे चालवायला जोर जास्त लागतो. नुसत्या फोनवर आवाज दबका राहतो, तो वाढवणारा छोटा अ‍ॅम्प लागेल. आणि मागच्या जाळीतून सगळं बाहेर ऐकू येतं, त्यामुळे बसमध्ये अजिबात नाही. तुम्ही रात्री ऐकणार कुठे बसून?

मोरपंखी:
हॉलमध्ये. सासूबाई पलीकडच्या खोलीत, दार बंद.

षड्ज:
मग बिनधास्त.

चार शिट्ट्या:
आम्हाला कुकर, बेल आणि सासऱ्यांची हाक तिन्ही ऐकू यायला लागतं. भावाने दिलेत त्याला बाहेरचं आत घेणारं बटण आहे, ते कायम चालू. आत्ताही चालूच आहे. तिसरी झाली, पळते.

सोडावॉटर:
चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा!! काडी जाड असली की पॅडखाली फट राहते, खर्ज गळतो आणि नॉइज कॅन्सलिंगही पातळ होतं. दुकानात अर्धा तास तरी घालून बसा. पाच मिनिटांत सगळेच मऊ वाटतात, कानशिलं नंतर दुखतात. वजनही बघा. अ‍ॅपलचे मॅक्स ३८० ग्रॅमच्या वर, सोनीचे २५०च्या आसपास. नागपूरपर्यंत मानेला कळेल.

दमट दादर:
मोरपंखी, बाबांच्या हेडफोनचं वाचून गलबललं. आमच्याकडचा रेडिओ आईने भंगारात दिला, अजून हळहळ वाटते.
ते पापुद्रे मुंबईत फार लवकर निघतात. घाम आणि पावसाळा. म्हणून घेतानाच विचारा, पॅड सुटे मिळतात का आणि घरी बदलता येतात का. मी आता मखमली पॅडचे बायरडायनॅमिक डीटी ७७० घेतलेत, बंद पाठीचे आहेत, कान उकडत नाहीत. वायरवाले आहेत, पण बॅटरीची कटकट नाही. फोनला लावायचे तर ओहम बघून घ्या, त्यात तीन-चार प्रकार येतात.

दूरदेशी:
विमानाने जाणाऱ्यांनी वायर जवळ ठेवाच, सीटच्या स्क्रीनला ब्लूटूथ असेलच असं नाही. काही विमानांत अजून दोन पिनांचं भोक असतं, त्याचा जोड वेगळा.
बोस कंपनीच्या नॉइज कॅन्सलिंगची सुरुवातही विमानातच झाली. १९७८ साली कंपनीचे संस्थापक अमर बोस झुरिकहून बोस्टनला निघाले होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमधून इंजिनाच्या आवाजापुढे गाणं ऐकू येईना, तेव्हा तिथेच आकडेमोड सुरू केली. सामान्य प्रवाशांसाठी त्यांच्या कंपनीचे क्वाएटकम्फर्ट आले २००० साली. माझे त्यांचेच आहेत. लेकीला भेटायला दरवर्षी इतका लांबचा प्रवास करते, उतरल्यावर डोकं भणभणत नाही ही केवढी सोय! रडणारं बाळ मात्र ऐकू येतंच. त्या आईला आपण हसून मान डोलवावी.

कर्णपिशाच्च:
कानांच्या तपासणीचं काम करते म्हणून कळकळीने लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास, ९० झालं की फक्त ४ तास. बसच्या गोंगाटावर मात करायला लोक आवाज वाढवत नेतात, बाहेरचा आवाज कमी झाला की तेवढी गरजच पडत नाही. म्हणून प्रवासात पैसे नॉइज कॅन्सलिंगवर घाला. तरुण मुलं कानात शिट्टी वाजते म्हणून येतात, फार वाईट वाटतं.

पावशेर चहा:
आयफोनवाल्यांनी एलडॅकसाठी (ब्लूटूथवरून जास्त बारकाव्यांसह आवाज पाठवायचं सोनीचं तंत्र) जादा पैसे मोजू नयेत, आयफोनला ते चालत नाही.

मोरपंखी:
सगळ्यांचे आभार! म्हणजे बसला घडीचे नॉइज कॅन्सलिंगवाले आता, घरचे ओपन-बॅक दिवाळीनंतर. षड्ज, अ‍ॅम्पचं व्यनि (खाजगी निरोप) करून विचारते.

बोगदा:
नागपूरला जाताच आहात तर संत्रा बर्फी कुठली आणता? आम्हाला दर वेळी वेगळीच मिळते.

दमट दादर:
ताजी हवी तर हिवाळ्यात आणा, तेव्हा संत्र्यांचा हंगाम असतो.

चार शिट्ट्या:
आले परत. बर्फीचं काय चाललंय?