घरच्या आजारी माणसाचं करताना तुम्ही काय शिकलात?

निळाई :
कपाट आवरताना बाबांची वही हाती लागली. डावी कूस, पाठ, उजवी कूस, दर 2 तासांनी, पुढे बरोबरच्या खुणा. पक्षाघातानंतर चार महिने हेच. माकडहाडावर लाली दिसली की मी तेल लावून चोळायचे, त्यांना बरं वाटेल म्हणून. वॉर्डातल्या सिस्टरनी माझा हातच धरला. लालीवर बोट दाबून दाखवलं. बोट काढल्यावर जागा क्षणभर पांढुरकी व्हायला हवी. लालच राहिली तर आत जखम सुरू झालीय, आणि चोळण्याने ती वाढते. पाठ सांभाळली, पण टाचांकडे लक्षच गेलं नाही. तीच जखम भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तुम्ही कोणाचं केलंय? लिहा ना.

उंबरठा :
टाचा!! आमच्याकडेही तेच. पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. एवढंच करायचं असतं, पण आधी कोणी सांगत नाही.

पाऊलवाट :
सासूबाई, रात्री तीन वाजता. अंग घामाने थबथबलेलं, असंबद्ध बोलणं. शुगरच्या मीटरवर 52, म्हणजे साखर फारच उतरलेली. पाण्यात 3 चमचे साखर दिली, 15 मिनिटांनी परत तपासलं, 81. मग थोडं खायला. पुढच्या वेळी मात्र शुद्धच नव्हती आणि नणंदबाई साखरेचं पाणी घेऊन धावल्या. मी अडवलं, त्यावरून मोठं बोलणं झालं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि ॲम्ब्युलन्स. आजही तेच करेन.

उंबरठा :
बरोबर केलंत ताई. नणंदबाई आता बोलतात ना?

पाऊलवाट :
हो, आता मीटर त्याच लावतात :)

रातपाळी :
मेडिसिन वॉर्डात सिस्टर आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. निळाई, सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही बऱ्याचदा. हात लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतं. दुसरं, सीओपीडीचा, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याच्या जुनाट फुप्फुसविकाराचा, पेशंट धापा टाकतोय म्हणून नातेवाईक ऑक्सिजन वाढवून ठेवतात. कळवळा समजतो, पण नका करू. यांच्यातल्या बऱ्याच जणांचं रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण 88 ते 92 टक्केच ठेवायचं असतं. जास्त दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, पेशंट गुंगीत जातो, आणि घरच्यांना वाटतं, चला, शांत झोपला.

आडवाट :
वडिलांचं हृदय कमजोर. पायावर सूज दिसायच्या आधी वजनकाटा सांगतो. रोज सकाळी लघवीनंतर, काही खायच्या आधी. 3 दिवसांत 2 किलो वाढलं तर ते पाणी, लगेच डॉक्टरांना फोन. निळाईताई, ती वही ठेवणार ना?

निळाई :
ठेवणार. शेवटच्या पानावरच्या दोन खुणा बाबांनी स्वतः केल्यात, डाव्या हाताने.

उंबरठा :
हवेची गादी कोणी वापरलीय का? आईसाठी बघतोय.

रातपाळी :
घ्या, फरक पडतो. पण कूस बदलणं सुटत नाही हं.